हात लावणारी माणसं : जामखेडच्या आरोग्य प्रकल्पाची पन्नास वर्षं

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी संस्थेचा इतिहास लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मी एपीएमसी मार्केटात, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारातल्या गाळ्यावर हिशेब लिहीत बसलो होतो. रात्री नगर जिल्ह्यातून निघालेल्या गाड्या पहाटे लागल्या होत्या, माल उतरत होता. हिशेबाच्या वह्यांत आयुष्य गेलेल्या माणसाने दवाखान्याचा इतिहास काय लिहावा, असं आधी वाटलं. पण माझं गाव जामखेड तालुक्यातलं, आणि आमच्या घरातली एक व्यक्ती आज जिवंत आहे ती या संस्थेमुळे. म्हणून पेन उचललं.

समोर माथाडी गोण्या उतरवत होते. पन्नास किलोची गोणी कितीही तगड्या गड्याला एकट्याने नीट पाठीवर घेता येत नाही. गाडीत उभा असलेला माणूस गोणी कडेला सरकवतो, खालचा पाठ वाकवून उभा राहतो, आणि वरचा ती अलगद त्याच्या मानेखाली बसवतो. बसवताना तो खालच्याचं गाव विचारत नाही, जात विचारत नाही. आमच्या बाजारात याला ‘हात लावणं’ म्हणतात. जामखेडला पन्नास वर्षं जे चाललं आहे, ते मला या दोन शब्दांत सांगता येतं. बाकीचा तपशील पुढे देतो.

पूर्वपीठिका : १९७० पूर्वी

नगर जिल्ह्यात ख्रिस्ती सेवाकार्याची परंपरा जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला आपलं ठाणं केलं. शाळा निघाल्या, दवाखाने निघाले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं आणि लक्ष्मीबाईंचं नगरचं वास्तव्य मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. याच मातीत, राहुरीच्या शिक्षक दांपत्याच्या पोटी, १९३४ मध्ये या प्रकल्पाचे संस्थापक डॉ. रजनीकांत आरोळे जन्मले. त्यांच्या पत्नी आणि सहसंस्थापक डॉ. मेबल यांचा जन्म १९३५ चा, जबलपूरचा. त्यांचे वडील ईश्वरविद्येचे अध्यापक होते. दोघांची गाठ वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात पडली. लग्न करताना दोघांनी एकमेकांना शब्द दिला की आपलं शिक्षण खेड्यातल्या गरिबांच्या कामी लावायचं.

१९६२ पासून चार वर्षं त्यांनी नेवाशाजवळ वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केलं. दिवसरात्र रुग्ण तपासावे, शस्त्रक्रिया कराव्या, बरं करून घरी धाडावं. काही महिन्यांनी तोच रुग्ण तोच आजार घेऊन दारात. जुलाबाने सुकलेलं मूल सलाईन लावून वाचवलं, तरी ते त्याच गढूळ पाण्याकडे परत जात होतं. यातले बहुतेक आजार दवाखान्यापर्यंत यायलाच नको होते, हे दोघांच्या ध्यानात आलं. मग ते शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेले. क्लीव्हलँडला पुढचं वैद्यकीय शिक्षण झालं आणि त्यानंतर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. कार्ल टेलर यांच्या हाताखाली सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास. तिथेच एका गरीब तालुक्याचं आरोग्य गावकऱ्यांच्याच हातून कसं सुधारता येईल, याचा आराखडा त्यांनी मांडला. जिनिव्हाच्या जागतिक चर्च परिषदेच्या ख्रिस्ती वैद्यकीय आयोगाने या विचाराला पाठबळ दिलं.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचा इतिहास नुसत्या तारखांचा होईल. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, ही आज्ञा ख्रिस्ती जीवनाचा कणा. ती देवावरच्या प्रीतीच्या जोडीने येते. लूकच्या शुभवर्तमानात एक शास्त्री येशूला विचारतो की माझा शेजारी कोण, आणि येशू त्याला यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटसरूची गोष्ट सांगतो. लुटारूंनी त्याला अर्धमेला करून टाकलेलं असतं. याजक पाहून पुढे जातो, लेवीही पुढे जातो. थांबतो तो शोमरोनी, ज्याच्याशी यहुदी लोक पाण्याचासुद्धा व्यवहार ठेवत नसत. तो जखमा बांधतो, जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेतो, रात्रभर सांभाळतो, आणि सकाळी उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार देऊन सांगतो की आता तू याची काळजी घे.

या गोष्टीतल्या दोन जागा प्रवचनात सहसा निसटतात. गोष्टीतला तुच्छ मानलेला माणूस मदत घेणारा नाही, मदत करणारा आहे. आणि काळजी एकट्या शोमरोन्यापाशी राहत नाही, तो ती दुसऱ्याच्या हाती सोपवतो. जामखेडने या दोन्ही जागा अचूक धरल्या.

१९७० ते १९८० : पाणी, भाकरी आणि मग औषध

१९७० मध्ये आरोळे दांपत्य परतलं आणि त्यांनी जामखेड निवडलं. नगर जिल्ह्याचं हे आग्नेयेकडचं टोक, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या सीमेला लागून. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी, दिवाळीनंतर अर्धी गावं ऊसतोडीला कारखान्यांवर. असं ठिकाण मुद्दाम निवडण्यात त्यांची दृष्टी दिसते. गावच्या पुढाऱ्यांनी जनावरांच्या दवाखान्याची जुनी इमारत दिली. तिथे रुग्णसेवा सुरू झाली. वेगवेगळ्या जातींच्या आणि पक्षांच्या मंडळींची सल्लागार समिती झाली. नव्या कामाबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हत्या असं नाही, पण त्या बोलून आणि काम पाहून दूर झाल्या. सुरुवातीला तीस गावं आणि सुमारे चाळीस हजार लोकसंख्या घेतली होती.

लगेच १९७२ चा दुष्काळ आला. माझ्या पिढीला तो आठवतो तो तांबड्या मिलोच्या भाकरीमुळे, सुकडीमुळे आणि खडी फोडणाऱ्या आयांच्या फुटलेल्या हातांमुळे. आमचे वडील त्याच साली गाव सोडून मुंबईच्या बाजारात हमालीला आले. तालुक्यातली कितीतरी घरं अशीच निम्मी रिकामी झाली.

डॉक्टरांनी गावकऱ्यांना विचारलं की तुम्हाला काय हवं. उत्तर आलं, पाणी आणि अन्न. औषध कुणी मागितलं नाही. दोघांनी ते मुकाट्याने मानलं, यातच मला त्यांचं मोठेपण दिसतं. मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरं निघाली. कूपनलिका खोदण्याची यंत्रं आली आणि हातपंप बसले. अनेक गावांत हे पंप दलित वस्तीत बसवले गेले. ज्या काळी दलित बाई सार्वजनिक विहिरीच्या कठड्यापाशी ओंजळ पुढे करून उभी राहायची, त्या काळी सवर्ण घरातल्या बायकांना घागर घेऊन तिच्या अंगणात यावं लागलं. कुणी भाषण केलं नाही. लोकांना तहान लागली होती.

दुसरा प्रश्न गावात आरोग्याचं काम कोण करणार, हा. शिकलेल्या परिचारिका गावात पाठवून पाहिल्या. त्यांना तिथे राहणं अवघड जायचं, आणि गावातल्या बायका परक्या शिकलेल्या मुलीला मनातलं सांगत नसत. गावातल्याच बाईला तयार करा, असं सुचलं. गावांनी बायका निवडल्या. बहुतेक निरक्षर, बऱ्याच दलित, कित्येक विधवा किंवा नवऱ्याने टाकलेल्या. अर्धशतकापूर्वी या तालुक्यात ज्या बाईकडे कुणी वळून पाहत नव्हतं, नेमक्या तिच्याकडे गावाचं आरोग्य सोपवलं गेलं. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला येत, वेगवेगळ्या जातींच्या एका पंगतीत जेवत, एका खोलीत झोपत. सकाळी शिकलेलं संध्याकाळी एकमेकींना म्हणून दाखवत. लिहिता येत नव्हतं, म्हणून पाठांतर पक्कं होतं.

आमच्या गावची आरोग्यसेविका अशीच दलित वस्तीतली विधवा. तिचं नाव इथे देत नाही, तिला ते रुचणार नाही. आम्ही तिला मावशी म्हणतो, पण ते फार नंतर. १९७५-७६ च्या सुमारास एका उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ वर्षाचा होता आणि त्याला जुलाब लागले. आमच्याकडे समज अशी की जुलाबात पाणी दिलं तर आणखी जुलाब होतात. म्हणून पोराचं पाणी बंद. टाळू खोल गेलेली, डोळे आत, रडायचा तरी अश्रू नव्हते. मावशी अंगणात येऊन उभी राहिली. आई तिला ओट्यावर घेईना. ती तिथूनच बोलली, “तुझ्याच हाताने कर, मी सांगते तसं.” तांब्याभर उकळून निववलेलं पाणी, मूठभर साखर, तीन बोटांच्या चिमटीत मावेल इतकं मीठ. “आता चाखून बघ. आसवांपेक्षा खारट लागलं तर सांडून दे, पुन्हा कर.” आईने चाखलं. मग चमच्याचमच्याने पाजायला सुरुवात झाली. पोर ओकलं की थोडं थांबायचं, पुन्हा पाजायचं. मावशी ऊन कलेपर्यंत अंगणातल्या लिंबाखाली बसून होती. संध्याकाळी भावाने लघवी केली, तेव्हा ती उठून गेली.

दुसऱ्या दिवशी आईने तिला ओट्यावर बसायला पोतं टाकलं. पुढच्या बाळंतपणाला ती आमच्या माजघरात होती. उकळलेलं पातं तिच्या हातात होतं, आणि बाळाला पहिला चीक पाजायलाच हवा म्हणून ती आमच्या आजीशी हुज्जत घालत होती. तोवर चीक पिळून टाकायची रीत होती, आणि पोटुशी बाईने कमी खावं म्हणजे मूल लहान राहून सुटका सोपी होते, अशीही समजूत होती. अशा दहावीस समजुती या बायकांनी एकेका चुलीपाशी बसून मोडल्या.

आकडेही बोलतात. १९७१ मध्ये प्रकल्पाच्या गावांत जन्मलेल्या दर हजार मुलांमागे १७६ मुलं पहिल्या वाढदिवसाआधीच जात. १९७६ पर्यंत हा आकडा ५२ वर आला. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या लोकाधारित आरोग्यकार्याचं पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर प्रकरण होतं. १९७८ च्या अल्मा-आता परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जो जाहीरनामा केला, त्या विचारामागे जामखेडसारख्या मोजक्या ठिकाणांचा अनुभव होता. १९७९ मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल यांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

१९८० ते १९९० : मंडळं उभी राहिली

१९८१ मध्ये कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार मुंबईतून तुर्भ्याला आला आणि वडिलांबरोबर मीही. त्यामुळे या दशकातलं काम मी सुट्टीत गावी गेल्यावर पाहिलं आहे.

तरुण शेतकऱ्यांची मंडळं आणि महिला विकास मंडळं याच काळात घट्ट झाली. पुरुषांनी बांधबंदिस्ती केली, झाडं लावली. बायकांनी बँकेतून लहान कर्जं काढली, शेळ्या घेतल्या, बांगड्या आणि सुकी मासळी विकली, आणि कर्ज फेडलं. डॉक्टरांचं म्हणणं असं की उपाशी बाईला पोषणाचं व्याख्यान देणं म्हणजे तिची थट्टा. त्यामुळे प्रकल्पाच्या कामात आरोग्य कुठे संपतं आणि शेती कुठे सुरू होते, हे बाहेरून आलेल्या पाहुण्याला कळत नसे.

कुष्ठरोगाचं काम तर विशेष सांगण्यासारखं. सेविकांनी घरोघरी चट्टे तपासले आणि वेळेत औषध सुरू केलं. रुग्णांना वेगळ्या वसाहतीत धाडलं नाही. उपचार घरी, गावात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाले. सेविका स्वतः रुग्णाच्या घरी चहा पिई, आणि शेजारपाजारचे ते बघत. प्रकल्पाच्या कार्यशाळेत जयपूर पाय तयार होऊ लागले, आणि ते बनवायला शिकले ते इथलेच कारागीर.

१९८८ मध्ये आरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलल्या. ही बातमी गावात पोचली तेव्हा आमच्या मावशीने चार दिवस ती प्रत्येक दारात सांगितली.

१९९० ते २००० : जग शिकायला आलं

१९९० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे यांना पद्मभूषण मिळालं. १९९२ मध्ये प्रशिक्षण संस्था सुरू झाली आणि देशोदेशीचे डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी जामखेडला येऊ लागले. शिकवणाऱ्यांत सेविका होत्या. पदवीधर डॉक्टर खाली बसून निरक्षर बाईकडून गावात शिरायचं कसं, हे शिकत असत. १९९४ मध्ये दोघांनी लिहिलेलं ‘जामखेड’ हे इंग्रजी पुस्तक आलं आणि ते अनेक देशांतल्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या हाती गेलं. दशक सरता सरता बालमृत्यूचा आकडा हजारी तिसाच्या खाली आला होता.

या काळात डॉ. मेबल युनिसेफच्या दक्षिण आशिया विभागासाठीही काम करत होत्या. किशोरवयीन मुलींच्या शिक्षणाचा आणि आरोग्याचा ध्यास त्यांनी घेतला, कारण लवकर लग्न आणि लवकर बाळंतपण हे त्यांना सगळ्या दुखण्यांचं मूळ वाटे. सप्टेंबर १९९९ मध्ये त्या गेल्या. त्या दिवसाबद्दल मावशीने मला एवढंच सांगितलं की पहिल्यांदा कुणीतरी तिला नाव घेऊन ‘या, बसा’ म्हटलं होतं, ते डॉक्टरबाईंनी.

२००० ते २०१० : वारसा

डॉ. शोभा आरोळे आणि रवी आरोळे या पुढच्या पिढीने जबाबदारी घेतली. जुने सहकारी सोबत होतेच. परिचारिका, वाहनचालक, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, स्वयंपाकघरातल्या बायका, कार्यशाळेतले कारागीर, या सगळ्यांची नावं एका लेखात मावत नाहीत. संस्था उभी राहिली ती त्या सगळ्यांच्या खांद्यांवर. वाटेत मतं वेगळी झाली असतील, पण काम एक दिवस थांबलं नाही.

२००५ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू केलं आणि ‘आशा’ सेविका गावोगाव आली. गावातली बाई, गावासाठी निवडलेली. जामखेडच्या रस्त्यावर तीस वर्षं चालून झालेली वाट आता देशभराची झाली. माझ्या मते या संस्थेचा सर्वांत मोठा पुरस्कार हाच.

२०१० नंतर

२५ मे २०११ रोजी डॉ. रजनीकांत आरोळे यांचं निधन झालं. आज रुग्णालय, प्रशिक्षण केंद्र, शेतीचं काम, किशोरींचे गट आणि कृत्रिम पायांची कार्यशाळा चालू आहेत. आजारही बदलले. जुलाबाने जाणारी मुलं आता क्वचित. त्यांच्या जागी रक्तदाब, मधुमेह आणि मनाची दुखणी आली आहेत, आणि सेविकांनी पन्नाशी-साठी उलटल्यावर रक्तदाब मोजायचं यंत्र हाताळायला शिकून घेतलं.

संस्थेला पन्नास वर्षं झाली ते साल २०२०. कोविडच्या साथीत जामखेडच्या आरोळे रुग्णालयात तालुक्यातले आणि बाहेरचेही रुग्ण दाखल झाले, आणि कर्मचारी महिनोन्‌महिने त्यांच्यासाठी राबले.

इकडे तुर्भ्याला एकामागून एक बाधित निघू लागले आणि मे महिन्यात एपीएमसीचे बाजार आठवडाभर बंद ठेवावे लागले. मी गावी गेलो. मुंबईहून आलेला, त्यातून एपीएमसीतला. वेशीवरूनच मला शाळेत नेलं. चौदा दिवस शाळेच्या व्हरांड्यात राहायचं होतं. गावकऱ्यांना दोष देत नाही, त्यांना भीती होती. ज्यांच्या अंगाखांद्यावर वाढलो, ती माणसं रस्ता बदलून जात होती. भावाला घरातल्या लहान मुलांमुळे यायची बंदी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी आली. वय पंचाहत्तरीच्या आसपास, तोंडाला पदराची दुहेरी घडी, सोबत सून. सुनेने पायरीवर भाकरीचं फडकं आणि पाण्याची कळशी ठेवली आणि दोघी मागे सरून शाळेच्या अंगणात लिंबाखाली बसल्या. मावशीने तिथूनच विचारलं, ताप आहे का, खोकला आहे का, जिभेला चव लागते का. मी भाकरी खाऊन होईपर्यंत ती उठली नाही. चौदा दिवस हाच नेम होता. पंधराव्या दिवशी मी पायरी उतरून खाली आलो, तेव्हा ती सुनेला सांगत होती की शेजारच्या वाडीत पुण्याहून दोघं आलेत, उद्यापासून तिकडे भाकरी न्यायची.